दाजींचे पाय आणि डावा कोपरा

व्यंकटीला कॉलेजातली पोरं 'कणगी' म्हणायची, आणि खोटं कशाला बोला, धान्याच्या कणगीचं ते नाव शोभत होतं. वर गोल, मधे गोल, खाली दोन पाय. त्या साली पावसानं असा दगा दिला होता की गावातली गुरं-माणसं वाळून चिपाडं झालेली, आणि हा बाबा कुठल्या वाऱ्यावर पोसला जात होता, देवालाच ठाऊक. मुरुडजवळच्या खेड्यातून रोज एसटीनं लातूरला कॉलेजात यायचा. बसायचा दोघांच्या जागेवर, तिकीट काढायचा एकाचं. कंडक्टर म्हणायचा, "व्यंकटराव, जरा श्वास आत घ्या, दार लावायचंय."

अशा गड्याला कबड्डीच्या संघात कोण घेणार नाही? खेळाचे माणिकप्पा सर तर त्याला बघूनच हरखले. बाजारात मनासारखा बैल दिसल्यावर माणूस जसा भोवतीनं फिरतो, तसे फिरले. म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात उभा ऱ्हा. चढाईवाला आत आला की घोटा धर आन् बसून ऱ्हा. बाकी काय करू नको. तुला जमतंय ते, बसनं."

बसणं जमत होतं. धरणंही जमत होतं. अडचण त्याच्या पुढची होती.

व्यंकटीचं घर अगदी रस्त्याला लागून. येणारा-जाणारा त्या ओट्यावर टेकल्याशिवाय पुढं जात नसे. आणि त्याची आई केवळाबाई, तिनं लेकराला चालायला शिकवलं त्याच आठवड्यात पाया पडायला शिकवलं असावं. पाहुणा आला, पाया पड. कासारीण आली, पाया पड. गुरांचा डॉक्टर आला, पाया पड. एकदा नुसता रस्ता विचारायला थांबलेल्या माणसाच्याही तो पाया पडला होता. तो बिचारा घाबरून विचारायचा तो रस्ताच विसरला. तर सांगायचं असं, की पायाला हात लागला की तोच हात पुढच्या क्षणी आपल्या कपाळाला, ही व्यंकटीची खोड हाडात मुरलेली.

आता बघा गंमत. चढाईवाला 'कबड्डी कबड्डी' करत आत यायचा. व्यंकटी झडप घालून घोटा असा आवळायचा की बघणाऱ्यानंच आपला पाय मागं घ्यावा. आणि तेवढ्यात उजवा हात आपोआप सुटून कपाळाकडं निघायचा. नमस्कार! चढाईवाला कोलांटी मारून रेषेपार, आणि आपला कणगी भक्तिभावानं मातीत.

पोरं हसून हसून लोळायची. "सुखी ऱ्हा, कणगी!" "लग्न जमंल रं तुजं औंदा!" सर मात्र रडकुंडीला आलेले. "आरं, पाव्हना हाय का तो? घोटा मंजी बाभळीचं खोड समज." व्यंकटीनं खरंच बाभळ धरून सराव केला. बाभळीपुढं हात अजिबात सुटला नाही. माणसापुढं मात्र पुन्हा तेच.

शेवटी डाव्या कोपऱ्यात गुंडप्पा नावाचा दुसरा गडी आला आणि व्यंकटी राखीव झाला. राखीव म्हणजे काय, तर बाकीच्यांचे सदरे सांभाळायचे, फावड्यानं मैदान सारखं करायचं आणि टाळ्या वाजवायच्या. वरून हसायचा. पण एसटीत खिडकीला डोकं टेकून बसला की डोळे मिटून हवेतच घोटे धरायचा, शेजारचा माणूस पाय वर घेऊन बसायचा.

त्याच पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नसलेल्या पावसाळ्यात, लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादपासून वेगळं बिऱ्हाड मांडलं. नळाला पाणी नव्हतं, पण नव्या पाट्यांना रंग होता. आणि नव्या जिल्ह्याचा मान म्हणून कुणाच्या तरी डोक्यात आलं, नांदेड जिल्ह्याशी कबड्डीचा सामना घ्यावा. लातूरकडून उतरणार माणिकप्पा सरांचाच संघ.

सामन्याच्या तोंडावर गुंडप्पानं गुडघा फोडून घेतला. मैदानावर शिंपायला पाणी कुठलं? जमीन तव्यासारखी. सर व्यंकटीजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "ऐतवारी तू उतर. पन नीट ऐक. ह्या सामन्यात बी हात कपाळाला गेला, तर फिरून संघात न्हाई. मला हसू करून घ्यायचं न्हाई नांदेडवाल्यांपुढं."

व्यंकटी आनंदानं सरांच्या पायाला हात लावायला वाकला, मग घाबरून सरळ झाला.

घरी येऊन सांगितलं, तर आईचा चेहरा पडला. "नांदेडचा संघ मंजी आपले जावाईबापूच की रं!"

खरंच की. थोरली बहीण सिंधु नांदेडला दिलेली, आणि तिचा नवरा किशनराव विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर मुकादम आणि चढाईत नांदेडचा नंबर एकचा गडी. बारीक, लवलवता, वेतासारखा. त्यात महिना कोणता? धोंड्याचा! जावयाला घरी बोलवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा, पाय धुवायचा, त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही असा महिना. सिंधु आधीच माहेरी आलेली, आणि दाजी सामन्याच्या निमित्तानं आदल्या दिवशी सासुरवाडीला उतरले.

त्या साली घरात माणशी पाणी ठरलेलं. तांब्यात तोंड धुवायचं आणि तेच पाणी कढीपत्त्याला. पण जावयाच्या पायांसाठी केवळाबाईनं अख्खी घागर काढली. आणि पाय धुवायला कोण? व्यंकटीच. ओट्यावर परात ठेवली, दाजींनी पाय ठेवले, हा चोळू लागला.

"काय पाव्हनं," दाजी वरून म्हणाले, "उद्या कोपऱ्यात तुमी म्हनं. जरा जपून धरा, आमचे पाय नाजूक हाईत."

"व्हय दाजी," व्यंकटी म्हणाला, आणि सवयीनं ओला हात कपाळाला.

दाजी असे हसले की परात हलली. "मंग काय, झाला सामना!"

दाराआडून सिंधु सगळं बघत होती. दाजी आत गेल्यावर भावाच्या पाठीत धपाटा घातला. "ये बावळ्या, धर उद्या तेन्ला. नांदेडात फुशारक्या मारून मारून माजे कान किटले. म्हनं, आपल्या अंगाला हात लावनारा अजून जल्मायचाय."

चुलीपुढून आई ओरडली, "सिंधे, त्वांड आवर! व्यंकटी, जावाईबापूला काय केलंस तर घरात भाकर न्हाई. रुसून गेले तर हिला उभ्या जल्माचं बोलनं ऐकावं लागंल!"

पोरगं जेवलं नाही त्या संध्याकाळी. जेवलं नाही म्हणजे चार भाकरी खाल्ल्या, एरवी सहा खायचं.

रविवारी लातूरचं मैदान माणसांनी फुलून गेलं. केवळाबाई डोक्यावर पदर घेऊन पहिल्या रांगेत, शेजारी सिंधु. आईला ह्या खेळातलं काडीचं कळत नव्हतं. तिची नजर फक्त जावयाच्या धोतरावर, म्हणजे चड्डीवर, आणि ती बघून लाजून इकडं तिकडं.

पहिल्या डावात दाजींनी धूळ उडवली. उजवीकडून आले, एक गडी मारून गेले. मधून आले, दोन मारले. डाव्या कोपऱ्याकडं मुद्दामच आले नाहीत, नुसते बघून मिश्या फिरवायचे. दुसऱ्या डावात लातूर मागं पडलेलं, सर बाजूला नखं खात उभे, आणि दाजींना सुरसुरी आली. मेव्हण्याच्या समोर जाऊन पाय पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. "कबड्डी कबड्डी कबड्डी," आणि डोळ्यांनी म्हणत होते, धर की!

व्यंकटीनं धरला.

घोटा हातात आला. कालच चोळून धुतलेला, ओळखीचा, मानाचा घोटा. आणि उजवा हात लागला की निघायला कपाळाकडं! व्यंकटीला दिसलं, सर डोळे मिटताहेत. दिसलं, गुंडप्पा पट्टी बांधलेला गुडघा चोळत हसतोय. हात तर थांबेना. मग त्याच्या त्या गोल डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, हात कपाळापर्यंत न्यायच्या ऐवजी त्यानं कपाळच हातापर्यंत नेलं. दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरून, डोकं पावलांवर टेकवून, अख्खी कणगी दाजींच्या पायांवर आडवी पडली. साष्टांग!

आणि दाजी? दाजी पण ह्याच मातीतले. पायावर डोकं टेकलं की आपल्याकडच्या माणसाच्या तोंडून काय निघतं? तेच निघालं.

"असू द्या, असू द्या."

'कबड्डी' तुटली. पंचांनी शिट्टी फुंकली. "दम तुटला! गडी बाद!"

क्षणभर कुणालाच कळेना. मग मैदान असं हसलं की झाडावरचे कावळे उडाले. दाजींचा चेहरा तांबडालाल. "म्या बोललोच न्हाई!" पण ते म्हणेपर्यंत नांदेडचेच गडी पोट धरून खाली बसले होते.

सर आले ते मात्र हसत नव्हते. "हे जावायाच्या कृपेनं झालं," म्हणाले. "तुज्या हातानं काय झालं ते दाव."

पुढच्या चढाईला नांदेडचा दुसरा गडी आला, अनोळखी, दांडगा. व्यंकटीनं घोटा धरला. हात सुटू बघत होता, पण सुटला नाही. गडी ओढतोय, लाथ झाडतोय, डोळ्यांनीच आईमाई काढतोय, आणि हा आपला बसून. सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसा. मग आणखी एक धरला. मग दाजी स्वतः चिडून आले, आणि ह्या वेळी त्यांनाही नुसताच धरला, डोकं बिकं न टेकवता. दाजींनी दम जाईस्तोवर धडपड केली, मग हात टेकले.

लातूर तरी हरलंच. थोडक्यात, पण हरलं. पण मैदानातून निघताना लोक विचारत होते ते हरल्याचं नाही, "कोपऱ्यातला तो जाडा कोण?" असं.

घरी धोंड्याचं ताट वाढलेलं, आणि दाजी पाटावर फुगून बसलेले. तुपाची धार पडली तरी हात ताटाला लागेना. केवळाबाईनं आणखी तूप वाढलं. सिंधु पदरात तोंड खुपसून हसू दाबतेय. व्यंकटी भिंतीला चिकटून उभा.

"जावाईबापू, लेकरू हाय, माफी करा," केवळाबाई म्हणाली. "पन येक सांगते, भर मैदानात, येवढ्या लोकांत माज्या पोरानं तुमच्या पायावर डोकं ठिवलं. सगळी बघत व्हती. मला लई बरं वाटलं."

सिंधु आता उघडच फुटली. दाजींनी बायकोकडं बघितलं, सासूच्या त्या भाबड्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांच्याही मिश्या हलल्या. एक धोंडा उचलला, तोंडात टाकला, चावत चावत म्हणाले, "ये मेव्हन्या, हिकडं ये. तुज्या सरांना निरोप दे. दिवाळीनंतर नांदेडात सामना हाय तवा तुला कोपऱ्यातनं हलवायचं न्हाई."

"कामून दाजी?"

"कामून काय! तू कुटं हाईस ते मला ठाव पायजे. म्या आता उजवीकडूनच जानार."

व्यंकटी भिंतीपासून सुटला, दाजींच्या शेजारी मांडी घालून बसला, आणि आदल्या रात्रीची कसर भरून पोटभर जेवला. धोंडे संपले. केवळाबाईनं दुसरा घाणा चढवला.