नेतृत्वाच्या तासाच्या मॅडम

वर्गात आल्या की मॅडम आधी प्लॅटफॉर्मवरची खुर्ची खाली ओढायच्या. हजेरी नंतर. फरशीवर खुर्ची एवढ्या जोरात करकरायची की शेजारच्या वर्गातले सर शिकवणं थांबवून खिडकीतून बघायचे. मॅडम त्यांना हात करायच्या, आमच्या पहिल्या बाकाला गुडघे टेकतील इतक्या जवळ बसायच्या आणि विचारायच्या, "हं. काल बोललं कोण अन् राबलं कोण?"

काल म्हणजे कुठेही. कॉलेजात, घरी, गल्लीतल्या लग्नात. तुम्हीही एखाद्या कॉलेजचा समारंभ आठवून बघा. स्टेजवर कोण बसलेलं असतं? काठपदराच्या साड्या नेसून पुष्पगुच्छांची तबकं धरून दोन-दोन तास कोण उभं असतं? पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली की सतरंज्यांच्या गुंडाळ्या खांद्यावर घेऊन खोलीत कोण नेऊन टाकतं? आम्ही हे सगळं लहानपणापासून बघत होतो. मॅडमनी ते आम्हाला दिसायला लावलं.

त्यांचा मूळ विषय राज्यशास्त्र. 'नेतृत्व विकास' हा आठवड्याचा एक तास कोणालाच नको होता म्हणून त्यांच्या गळ्यात पडला होता. इतर कॉलेजांत या तासाला वाघ, गरुड आणि हिमशिखरांची चित्रं दाखवत. मॅडम आम्हाला आमचं स्वयंपाकघर दाखवत.

"मॅडम, आमच्या घरी सगळे समान आहेत," एकदा एक जण छाती काढून म्हणाला.

"वा. भाजी कमी पडली तर कोरडी भाकर कोण खातं?"

त्याची छाती खाली आली. मग म्हणाला, "आई."

"बस खाली. आज घरी जाऊन आधी तिला वाढ, मग समान म्हण."

मॅडम मुसलमान होत्या. घर जुन्या शहरात; घरी दखनी उर्दू, वर्गात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. दरवर्षी कोणी ना कोणी पाहुणा त्यांचं कौतुक करायचा, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" मॅडम हसून म्हणायच्या, "तुमचंही बरं आहे की." पाहुण्याला ते घरी पोचल्यावर कळत असावं.

बारा वर्षं त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे प्रत्येक जूनमध्ये नव्याने नेमणूक. संस्थेची मर्जी असेल तर यादीत नाव, नसेल तर नाही. बारा वर्षं शिकवलेल्या बाईला तेराव्या वर्षी काढायला कुणालाही कारण द्यावं लागत नाही. ही व्यवस्था ज्यांनी काढली ते लोकशाहीवर व्याख्यानं देत फिरतात, आणि त्या व्याख्यानांना आम्हाला सक्तीने बसवतात.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. शहर वाळूजच्या बाजूला पसरत चाललं होतं, रोज नवी इमारत, आणि उस्मानपुऱ्यासारख्या मध्यवस्तीतही नळाला आठवड्यातून एकदा पाणी. कॉलेजचं श्रमशिबिर वेरूळच्या पलीकडे एका गावात भरलं. कोरड्या तलावातला गाळ काढायचा होता. शिबिराची रीत ठरलेली: मुलं गाळ काढणार, मुली चुलीशी, आणि गटप्रमुख चांगल्या घरातला एखादा उंच मुलगा. मॅडमनी पहिल्याच दिवशी अर्ध्या मुलांना पिठात हात घालायला लावला आणि अर्ध्या मुलींच्या हाती टिकाव दिले. आणि नियम केला: ज्याला किंवा जिला आजवर कुणी गटप्रमुख केलेलं नाही, त्यांनीच एकेक दिवस व्हायचं.

तिसऱ्या दिवशी कांताची पाळी आली. कांता वाळूजहून बसने यायची. वडील तिथल्या एका कारखान्यात शिफ्टवर. वर्गात ती फारशी बोलायची नाही. गटप्रमुखाचं मुख्य काम पाणी वाटण्याचं होतं. टँकर दिवसाआड यायचा, त्यामुळे शाळेच्या ओट्यावर एक पिंप भरून ठेवलेलं असायचं आणि गटप्रमुख ओगराळ्याने प्रत्येकाच्या भांड्यात मापून पाणी घालायचा.

त्या दिवशी तीन जण भांडं घेऊन आलेच नाहीत. दुपारच्या उन्हात गाळ उपसून ओठ पांढरे पडले होते, तरी म्हणाले, "तहान नाही."

मॅडमनी ऐकलं आणि सोडून दिलं, असं आम्हाला वाटलं. संध्याकाळी सगळे गोल बसल्यावर त्यांनी विचारलं, "तहान का नव्हती?"

तिघांतला एक जण म्हणाला, "घरी कळलं तर ओरडतील, मॅडम."

"काय कळलं तर?"

तो शब्द उच्चारायची कुणाची छाती होत नव्हती. पाळायला मात्र तिघांनाही लाज वाटली नव्हती.

"मी सांगू का, मॅडम?" कांता म्हणाली. "माझ्या हातचं पाणी नको ह्यांला. लई सोपं हाय. उद्या बी मीच वाटते. पिले तर पिले, नाय तर नाय."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा वाटलं. तिघांतल्या एकाने प्यायलं. दोघे घरी निघून गेले.

आठवड्याभरात पालकांचं पत्र संस्थेत आलं: या मॅडम मुलांच्या मनात जात भरवतात. नीट वाचा. पाणी नाकारणाऱ्यांनी जात आणली नाही. 'का नाकारलं' हे विचारणाऱ्या बाईने आणली. आणि बाई मुसलमान, म्हणून पत्रात आणखीही दोन ओळी होत्या. त्या मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी लिहिल्या त्यांना त्या पाठ असतील.

संस्थेने मॅडमना सांगितलं की एक कागद लिहून द्या: शिबिरात पाण्यावरून भेदभाव झाला नाही. दिलात तर जूनची नेमणूक नेहमीप्रमाणे. नाही दिलात तर बघू.

मॅडमनी कागद दिला नाही.

आता माझी बाजू सांगायला हवी. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. अन्याय झाला की वडील आधी पत्रक काढायचे, जेवण नंतर. मीही तेच केलं. 'कांताला न्याय द्या! मॅडमना हात लावाल तर खबरदार!' खाली तिचं पूर्ण नाव, गाव, ती मातंग समाजातली आहे हेही, म्हणजे वाचणाऱ्याला अन्याय नीट कळावा. पाचशे प्रती छापून घेतल्या. वाळूजच्या कंपनीबसच्या थांब्यावर मी स्वतः वाटल्या. शिफ्ट सुटलेले कामगार प्रती हातात घेऊन वाचत होते आणि मला वाटत होतं, हे झालं खरं काम.

चार दिवसांनी कांता कॉलेजच्या गेटवर भेटली.

"तू लई भारी लिवलंस," ती म्हणाली. "खोली गेली आमची."

तिच्या वडिलांनी वाळूजला खोली घेताना जात सांगितली नव्हती. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. आडनाव असं होतं की त्यावरून काही कळत नव्हतं. माझं पत्रक घरमालकाच्या हाती पडलं. त्याने तिच्या वडिलांना एवढंच सांगितलं, "महिन्याअखेर बघा दुसरीकडं. आमच्या घरात देव हायेत."

मी धावत मॅडमकडे गेलो. त्या स्टाफरूमच्या बाहेर उभ्या होत्या.

"तिला विचारलं होतंस?" त्या म्हणाल्या.

"मॅडम, तो सरळ सरळ अन्याय..."

"ते मला ठाऊक आहे रे. तिला विचारलं होतंस का?"

"नाही."

"भेदभाव झाला नाही, हे संस्थेने तिला न विचारता ठरवलं. तूही न विचारताच ठरवलंस. तुझं अक्षर तेवढं चांगलं." मग दखनीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "रविवारी रिकामा आहेस ना? चल वाळूजला. खोली शोधायची."

तीन रविवार आम्ही हिंडलो. कांता, तिचे वडील, मॅडम आणि मी. शहर एवढं वाढत होतं की गल्लोगल्ली 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या होत्या. आणि प्रत्येक पाटीमागे एकच प्रश्न: "पूर्ण नाव काय?" आता वाळूजमध्ये त्या नावावरून सगळं कळत होतं; पाचशे प्रती मीच वाटल्या होत्या. माझं आडनाव कुठल्याही घरमालकाला चालणारं. मी ते सांगून कांताच्या वडिलांना खोली मिळवून देतो म्हणालो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नको, बाळा. पुन्हा पत्रक आलं म्हंजी?"

एका घरी मालकीण जवळजवळ तयार झाली होती. तेवढ्यात तिने मॅडमना विचारलं, "आणि तुम्ही यांच्या कोण?"

"मी मुलीची मॅडम." आणि नाव सांगितलं.

दार त्यानंतर फार काळ उघडं राहिलं नाही. मॅडम जिना उतरताना हसत म्हणाल्या, "कांता, माझ्यामुळं तुमचा भाव पडतोय गं. पुढच्या घरी मी खालीच थांबते." कांताही हसली. तिचे वडीलही. मी हसू शकलो नाही.

तिसऱ्या रविवारी अगदी टोकाच्या वस्तीत एका म्हाताऱ्या विधवेने खोली दिली. तिने दोनच गोष्टी विचारल्या: माणसं किती, आणि पाणी जपून वापरता का.

जूनची यादी लागली. मॅडमचं नाव नव्हतं. निरोप समारंभ नाही, कारण तासिकेवरच्या माणसाला निरोप देत नाहीत. त्याला पुन्हा बोलावत नाहीत, एवढंच. आम्ही त्यांच्या घरी गेलो तर त्या म्हणाल्या, "परीक्षा जवळ आली की या. नोट्स देते." चहा दिला.

नेतृत्वाच्या तासाला टाय लावलेले एक सर आले. प्लॅटफॉर्मवर उभे राहून म्हणाले, "तुमच्यापैकी कोणाला लीडर व्हायचंय? हात वर." बरेच हात वर गेले. कांता उभी राहिली.

"सर, आधीच्या मॅडमला का काढलं?"

"ते ऑफिसला विचारा. आपण पॉझिटिव्ह राहू."

"बरं," म्हणून तिने दप्तर उचललं आणि ती बाहेर पडली. मागच्या बाकावरच्या दोघी उठल्या. मग तिचं पाणी प्यायलेला तो एकटा. मग आणखी तीन जण. मी आठवा होतो. पाय आधीच हलत होते, पण या वेळी पुढे पळायचं नाही म्हणून मी मुद्दाम थांबलो होतो.

बाहेर पडून तिने ऑफिसला जो अर्ज दिला त्याला उत्तर आलं नाही, आणि मॅडम त्या कॉलेजात परत आल्या नाहीत, हे इथेच सांगून टाकतो. आता त्या दुसऱ्या तालुक्यातल्या एका कॉलेजात, पुन्हा तासिकेवरच, पहाटेच्या एसटीने जातात असं कळतं.

पण त्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी कांताने शिपायाकडून एक कोरा कागद मागून घेतला. भिंतीला टेकवून अर्ज लिहिला: मॅडमना का काढलं, ते लेखी कळवा. सर्वांत वर स्वतःचं पूर्ण नाव. मग ती कागद घेऊन आमच्यापैकी एकेकापुढे थांबत गेली. माझ्यापाशी आली तेव्हा पेन कागदावर तसंच टेकवून धरलं होतं.

"तुझं नाव लिहू का?" तिने विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. मग तिने लिहिलं.