मोठं ऑपरेशन

तळोज्याच्या ज्या केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये होतो, तिथे रिपोर्टशिवाय एक ड्रम हलत नसे. टँकर गेटवर तासन्‌तास उभा राही, ड्रायव्हर शिव्या घाली, प्रॉडक्शनचे साहेब फोनवर फोन करीत, पण सॅम्पल तपासून मी सही केल्याशिवाय माल बाहेर पडायचा नाही. या नियमाचा मला भारी गर्व होता. बाविसाव्या वर्षी माणसाला कशाचाही गर्व होतो. आणि त्याच वर्षी मी माझ्या आईचं सॅम्पल खाडीकाठी पुरून आलो.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, आई घरात, आणि घणसोली गावात भाड्याच्या दोन खोल्या. आईच्या पोटात वर्षभर दुखत होतं. पित्ताशयात खडे निघाले आणि जवळच्याच एका लहान नर्सिंग होममध्ये पोट उघडून पित्ताशय काढून टाकलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या हातात दोन बाटल्या ठेवल्या. एकीत खडे, दुसरीत औषधाच्या पाण्यात ती पित्ताची पिशवी, आणि वर एक चिठ्ठी. ‘ही लॅबमध्ये देऊन टाका, रूटीन आहे,’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

खडे आम्ही जपून ठेवले. गावाकडची माणसं आईला भेटायला येत तेव्हा आधी खडे बघायला मागत, मग तिची तब्येत विचारत. पिशवीचं मात्र आईला पटेना.

“अंगातला जिन्नस हाय त्यो,” ती कॉटवर पडल्या पडल्या म्हणाली. “बाळाची नाळ बी आपण पुरतो. परक्याच्या टेबलावर कशाला ठिवायचा?”

शेजारी बसलेल्या आत्यानं मान हलवली. आत्यानं मान हलवली की आमच्या घरात ठराव पास.

“तपासायला सांगितलंय,” मी म्हणालो.

“खडं निघालं न्हवं? मग आता काय तपासायचं ऱ्हायलं?”

याला माझ्याकडे उत्तर होतं. सगळ्या घणसोलीत हे उत्तर कुणाकडे असेल तर ते माझ्याकडेच होतं. पण मला सेकंड शिफ्ट होती, कंपनीची बस चुकत होती आणि नुकतंच पोट शिवलेल्या बाईशी वाद घालणं जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आणि मी खाडीकडे गेलो, चिखल लागण्याआधीच्या कोरड्या जागेत खड्डा केला, हळदकुंकू वाहिलं आणि पिशवी पुरली. वडिलांनी हात जोडले म्हणून मीही जोडले. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी “दिली ना ती?” असं विचारलं. मी “हो” म्हणालो. रिपोर्ट त्यांनी मागितला नाही, आणि मी तरी कशाला विषय काढतोय.

नऊ-दहा महिने बरे गेले. मग आईला खाज सुटली. साधी खाज नव्हे. ती फणीनं पाठ खाजवायची, तळपाय फरशीवर घासायची, आणि अंगावर सगळीकडे रक्ताच्या रेघा दिसायच्या. आठवड्याभरात डोळे पिवळे झाले. सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला आणि आम्ही खाडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन पोचलो.

तिथले सर्जन पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली, बराच वेळ पाहिली आणि मला विचारलं, “पित्ताशय काढलं त्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट?”

“नाहीये.”

“हरवला?”

“दिलंच नव्हतं तपासायला.”

त्यांनी फिल्म खाली ठेवली. “तेव्हा हे कळलं असतं तर महिन्याभरात पुन्हा ऑपरेशन करता आलं असतं,” एवढं म्हणून ते थांबले. आई शेजारच्या स्टुलावर बसली होती, स्वतःच्या चपलांकडे बघत. तिला यातलं काही कळलं नसावं असं मी ठरवून टाकलं. मला ते सोयीचं होतं.

मला बाहेर नेऊन त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून सगळं समजावलं. पित्ताशय यकृताला चिकटलेलं असतं. ते काढलं तेव्हाच त्याच्या भिंतीत कॅन्सर असणार. आता तो मागे राहिलेल्या जागेतून यकृतात आणि पित्ताच्या नळीत शिरला होता. नळी बंद म्हणून कावीळ, आणि काविळीमुळे खाज.

“एक रस्ता मोठ्या ऑपरेशनचा,” ते म्हणाले. “यकृताचा तेवढा भाग, पित्ताची नळी आणि आजूबाजूच्या गाठी काढायच्या आणि आतडं वर नेऊन जोडायचं. पण कावीळ इतकी असताना हे करता येत नाही. आधी बाहेरून यकृतात बारीक नळी घालून पित्त काढायचं, काही आठवडे थांबायचं, मग पोट उघडून बघायचं. आत बारीक दाणे पसरलेले दिसले तर काही न काढता बंद करायचं. आणि सगळं निघालं तरी अशी माणसं ऑपरेशननंतर दगावतात, हे मी तुम्हाला लपवणार नाही.”

“आणि दुसरा?”

“छोटं ऑपरेशन. गाठीला हात लावायचा नाही. यकृताच्या डाव्या बाजूच्या पित्तनळीला वरच आतडं जोडून पित्ताला वाट काढून द्यायची. आजार राहतो, पण कावीळ उतरते, खाज जाते, चार घास पोटात जातात. त्यांना जे महिने मिळतील ते घरी जातील. किंवा पोट उघडायचंच नाही, बाहेरची नळी तशीच ठेवायची. तिला जपावं लागतं, ती तुंबते, बदलावी लागते.” मग त्यांनी पेन खिशाला लावलं. “माझं मत छोट्याकडे आहे. पण स्कॅनमध्ये लांब पसरलेलं दिसत नाही, त्यामुळे मोठं करूच नका असंही म्हणता येत नाही. घरी बोला.”

घरी बोलायचं म्हणजे कुणाशी? वडील म्हणाले, “शिकलेला तू हायस.” आईला ‘नळीत गाठ आहे’ एवढंच सांगायचं ठरलं. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढला नाही. राहता राहिलो मी, आणि माझं ठरलेलं होतं. छोट्या ऑपरेशनात आजार राहणार होता, म्हणजे माझी चूकही राहणार होती. मोठ्यात ती कापून काढता येणार होती. तेव्हा मी हे असं स्वतःशीही बोललो नाही. तेव्हा मी सगळ्यांना ठासून सांगत होतो की आईसाठी काही बाकी ठेवायचं नाही.

आधी नळी घातली. उजव्या कुशीतून बाहेर आलेली बारीक नळी आणि तिच्या टोकाला पित्त साठवायला पिशवी. चार-पाच दिवसांत खाज कमी झाली, पंधरवड्यात गेली. डोळे निवळले. आई घरी होती, परकराच्या नाडीला ती पिशवी बांधून घरभर फिरायची, भाकरी खायची, वडिलांना डब्यावरून बोलायची. एकदा मला म्हणाली, “कंटाळा आलाय बग दवाखान्याचा. हे असंच बरं हाय की.” मी तिला समजावलं की हे तात्पुरतं आहे, खरं काम पुढे आहे. ती हसली. इतकं छान झोपताना मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि तरी मला त्या तीन आठवड्यांत एकच घाई होती.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी आमच्या देखत तिला सरळ विचारलं, “मावशी, मोठं ऑपरेशन अवघड आहे. छोटं केलं तरी तुम्हाला आराम पडेल. तुम्हाला काय वाटतं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

“ह्यो म्हणतोय तसं करा,” ती म्हणाली.

मला केवढा धीर आला. आईचा आपल्यावर विश्वास आहे, असं वाटून मी कागदावर सही केली.

पोट उघडल्यावर दाणे दिसले नाहीत. सात तास चाललं. सर्जन थकून बाहेर आले आणि म्हणाले, दिसत होतं तेवढं सगळं काढलंय. मी त्यांच्या पाया पडलो. चौथ्या दिवशी पोटातून पित्त झिरपू लागलं, सातव्या दिवशी ताप चढला, आणि उरलेल्या यकृतानं काम सोडलं. डोळे पुन्हा पिवळे झाले. शेवटचे दोन दिवस तिला आमची ओळख नव्हती. अकराव्या दिवशी ती गेली. सर्जननी मला दोष दिला नाही, मीही त्यांना दिला नाही. तेरावं होईपर्यंत मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो की मुंबईतला सगळ्यात मोठा इलाज केला, आईसाठी करता येईल ते सगळं केलं. लोक माना डोलवत. “पोरगं असावं तर असं,” एकजण म्हणाला तेही मी ऐकून घेतलं.

पाहुणे गेल्यावर वडील आणि मी दोघंच उरलो. दुपार होती, ते तिच्या साड्यांच्या घड्या घालत होते. बाईमाणसाचं हे काम त्यांना जमत नव्हतं आणि मला करू देत नव्हते.

“तिला मोठं नको हुतं,” ते मधेच म्हणाले.

मी विचारलं, कुणी सांगितलं.

“तीच. नळी हुती तवा. मी म्हणलं, मग सांग की पोराला. तर म्हणाली, नगं. त्या डाक्टरनं रिपोर्ट इचारला तवा पोराचं त्वांड बगितलं मी. पुरायला मीच सांगितलं, पर त्यो सवताला खात बसलाय. मोठं केलं न्हाई तर जन्मभर खात बसंल. हूं द्या त्याच्या मनासारखं.”

त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. मी उठून दुसरं टोक धरलं. आईसाठी करता येईल ते सगळं केलं, हे वाक्य त्यानंतर मला कुणापुढे बोलता आलेलं नाही.