मोठ्या हातांचं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. संघटनेतल्या मैत्रिणींना नाही, घरी तर नाहीच. जाहीर निषेधाचं पत्रक लिहावं तर हिनंच, असं आमच्या सेलू तालुक्यात म्हणतात — आणि मलाही ते खरं वाटायचं. त्यातल्या एका पत्रकातलं एकच वाक्य... येते तिथवर. जरा दमानं येऊ द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची जी लेकरं गावात मागं राहतात, त्यांच्यासाठी मी काम करते. त्यांना दोन वेळचं जेवण मिळावं, शाळा सुटू नये, म्हणून भांडते. त्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत — नाव लिहीत नाही — कांता मॅडमनी चित्रांची पुस्तकं आणली. त्यातलं एक ऊस तोडणाऱ्या आईचं. ही आई जांभळी. डोकं लिंबाएवढं, डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके. आणि हात? सुपाएवढे. एका पानावर तर नुसते हातच. बोटं वाकडी, भेगा काळ्या शाईनं ओढलेल्या.

गावात दोन तट पडले. पोरं त्या भेगांवरून बोट फिरवत खुशीत हसायची. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "ही बाई हाय का खेकडा?" कुणी म्हणालं, शहरातल्यांना आपली माणसं अशीच दिसतात. हे मला झोंबलं. राबणारी बाई असली विद्रूप का काढायची? नीट काढता येत नाही का तुम्हाला? — तो राग खरा होता. ते चित्र मला आजही आवडत नाही. चित्र न आवडणं हा काही गुन्हा नाही.

मग मी कशाबद्दल बोलतेय?

देवगाव फाट्याजवळ एकाकडं मी पत्रकं छापून घ्यायचे. मथळा आधीच देऊन आले होते — 'कष्टकरी आईची विटंबना थांबवा!' खालचा मजकूर तेवढा बाकी. पत्रकात नुसता राग चालत नाही, ज्याच्या मनाला लागलं असा एक माणूस लागतो. मला तसंच शिकवलेलं. तो माणूस शोधायला मी शाळेत गेले.

तिथं दुसरीतली एक मुलगी होती. तिला इथं गोदा म्हणते. आईबाप कारखान्याकडं, ही चुलतीजवळ. मी ते पान तिच्यापुढं धरलं आणि वाट बघत राहिले. कसली, ते तुम्हाला कळलंच असेल. गोदानं आपला पंजा चित्रातल्या पंजावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "माझ्या मायचे हात असेच हायेत. लय मोठे." आणि थोड्या वेळानं, "ताई, हे पान घरी नेऊ का?"

कांता मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

मी पत्रकात लिहिलं — 'आईचे ते राक्षसी हात पाहून सात वर्षांची चिमुकली किंचाळली आणि तिने पुस्तक भिरकावून दिले.' वर तिचं खरं नाव.

हेच ते वाक्य. ऐकीव नव्हतं, घाईत झालेलं नव्हतं. आधी 'रडली' लिहिलं होतं. ते खोडून 'किंचाळली' केलं.

शिक्षण खात्याची चौकशी आली. साहेबांनी दहा मोठ्या माणसांत गोदाला उभं करून विचारलं, भ्यालीस का गं? ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. आणि मी? "बघा साहेब," मी म्हणाले, "अजून शब्द फुटंना पोरीच्या तोंडून." मॅडम एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमी होते की तिथं." होते, म्हणूनच तर लिहिलं, मी म्हणाले. पुस्तकं पोत्यात भरून गेली. मॅडमना नोटीस. मला टाळ्या.

शाळेत पोरं गोदाला 'मायला भ्याली, मायला भ्याली' म्हणून चिडवायची, हे मला माहीत होतं. पत्रकाचा फोटो मोबाइलवरून उसाच्या फडापर्यंत गेलाय, हे माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात ऊसतोडीची टोळी परत आली. मी नवं पत्रक वाटत वस्तीवर गेले. गोदाची आई ओट्यावर ज्वारी निवडत होती. "तुमीच व्हय त्या ताई?" ती म्हणाली. "लेकरू भेलं म्हणं माझ्या हाताला. ती न्हाई म्हणती, पण छापून आलंय म्हणल्यावर... कोयत्यानं पार लाकडं झालेत बघा. आता तिची येणीफणी चुलतीच करती."

मी पत्रक पुढं केलं. तिनं हात पदराखाली घेतले.

दारात गोदा उभी होती, माझ्याकडंच बघत — साहेबांपुढं बघत होती तशीच. गोदा भ्याली नव्हती. एवढंच तर म्हणायचं होतं, तीनच शब्द. मी पत्रक ओट्यावर ठेवलं आणि पुढच्या घरी गेले.