जुनेच ब्रेक

ब्रेक ऑइलचा उग्र वास आला की मला अमरावतीचा तो मिस्त्री आठवतो. आमच्या जुन्या गाडीचा मागचा ॲक्सल त्याने बदलला होता, आणि ब्रेक शूही नवे टाकले म्हणत होता. लेकरांना घेऊन मी अकोल्याला निघणार, हे त्याला ठाऊक होतं. काढलेले जुने शू दाखवा म्हटलं, तर हसला. "ताई, तुमाले काय समजते त्यातलं? साहेबाले पाठवा." मी गाडी सुरू केली आणि त्याला म्हटलं, "मंग बसा बाजूले, वलगावपर्यंत जाऊन येऊ." त्याचं हसू मावळलं. "थांबा, चाक खोलून पाहतो एकदा," तो पुटपुटला. आत जुनेच शू होते, नुसते पॉलिश पेपरने घासलेले. तेव्हा मी त्याला एक शिवीही दिली नाही. आज वाटतं, तेवढीही त्याची लायकी नव्हती.