किब्वानाचा उजवा पाय

किब्वाना शोम्वीचा उजवा पाय त्याच्या मालकीचा राहिला नव्हता. दार एस सलाममध्ये बावीस वर्षं डालाडाला, म्हणजे हात दाखवाल तिथे थांबणारी खासगी मिनीबस, चालवली की चालकाचा पाय कंडक्टरचा होतो. कंडक्टर दाराला लोंबकळत पत्र्यावर दोनदा ठोकतो, पाय ब्रेकवर जातो. एकदा ठोकतो, पाय उठतो. मधे डोक्याला कोणी विचारत नाही. किब्वानाच्या दाराला सोळा वर्षं म्रिशो लोंबकळला. मोरोगोरो रोडवर अशी एक जागा नसेल, जिथे मध्येच गाडी थांबवून या दोघांनी मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या नसतील.

मग रस्त्याच्या मधोमध लांबलचक निळ्या बसांसाठी वेगळी मार्गिका आली, कडेला कठडे बसले आणि डालाडाला तिथून उठवल्या. तेव्हा कॉफीवाल्याच्या बाकावर बसून किब्वाना तावातावाने भांडायचा. "आधीच कोंडी, त्यात मधले दोन पट्टे यांनी गिळले! बाकीच्यांनी काय उडत जायचं?" म्रिशो जोरजोरात मान डोलवायचा. पुढे म्रिशोने बाजाजी रिक्षा घेतली, आणि किब्वानाने कोणाला पत्ता लागू न देता निळ्या बसच्या चालकासाठी अर्ज भरला. बाकावर त्याबद्दल त्याची महिनाभर खिल्ली उडाली, आणि ती उडायलाच हवी होती.

नोकरी मिळाली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. तेवढ्या काळात थांबा सोडून भलतीकडे बस उभी केली नाही, तर कायम. पगार बरा होता, पण किब्वानाचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. पाळी दुपारी दोनला संपायची. डालाडालाच्या दिवसांत तो अंधारात निघायचा आणि परतायचा तेव्हा घर झोपलेलं, ताट झाकलेलं. "पोरी कधी वाढल्या ते तुम्हाला फोटोंवरून कळलं," असं त्याची बायको सिवेमा म्हणायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. आता तो तीनला अंगणात असायचा. शेजारणीच्या कोंबड्या काळ्या आहेत हे त्याला पन्नाशीत समजलं. ही नोकरी गेली तर या दुपारीही जाणार होत्या.

मुदत संपायला आठवडा उरला असताना मगोमेनीच्या थांब्याअलीकडे घात झाला. सुक्या मासळीची टोपली घेतलेल्या एका म्हातारीला मशिदीसमोर आपलं घर दिसलं. तिने बोटातली अंगठी खांबावर दोनदा वाजवली. ठक ठक.

पाय गेला. बस जागच्या जागी उभी. वर हाताने सवयीने दारही उघडून टाकलं. बाहेर फलाट नव्हता, कमरेइतका खाली रस्ता होता.

"अरे बाळा, इथून उतरू कशी? शिडी लाव की!"

"आजी, ही डालाडाला नाही!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मग थांबलाय कशाला मेला?"

निम्मी बस म्हणे आजीला धरून उतरवा, निम्मी म्हणे दार लावा. या घोळात मागे सहा निळ्या बस येऊन थांबल्या. बस येत नाही असं पाहून चौकातल्या पोलिसाने आडव्या गाड्या सोडल्या, त्या मध्येच अडकल्या, आणि पाच मिनिटांत मार्गिका, कडेचे पट्टे, चौक, सगळंच गच्च झालं. आणि कडेच्या पट्ट्यात, अगदी खिडकीखाली, नेमका म्रिशो!

"काय उस्ताद! तुमच्या राजरस्त्यालाही कोंडी होते म्हणायची!"

"गप बस, म्रिशो!"

"मी रोजच इथे उभा असतो रे. आज सोबत मिळाली, बरं वाटलं."

किब्वानाला हसूही येईना आणि रडूही. बाकावरचं ते भांडण त्याला आठवलं. नुसत्या कठड्याने कोंडी सुटत नाही, तो एकटा डालाडालासारखा थांबला आणि अख्खा रस्ता पुन्हा पूर्वीसारखा झाला. पण रोज याच मार्गिकेतून त्याच्यामागे दीडशे माणसं न अडखळता घरी जातात, हेही तितकंच खरं होतं. त्याने दार लावलं आणि आजीचे शाप ऐकत बस थांब्यावर नेली.

संध्याकाळी चालकांच्या साहेब एलिनामी बाईंनी त्याला बोलावलं. त्याने ब्रेकवर खापर फोडलं नाही.

"पायाने केलं, बाई. ठोकलं की तो ऐकतो. मला विचारत नाही."

बाईंनी चष्मा काढून त्याच्या पायाकडे पाहिलं. "शनिवारी किमारापासून किवुकोनीपर्यंत मी तुमच्या मागे बसेन. मनाला येईल तेव्हा ठोकेन. एकदा जरी पाय हलला तरी दुसरी नोकरी शोधायची."

त्या दिवसापासून अंगणात शाळा भरली. किब्वाना स्टुलावर, पायाखाली वीट, आणि मागे सिवेमा पातेलं आणि डाव घेऊन.

"पुन्हा दाबलात!"

"माशी बसली पायावर."

"त्या माशीला कशाला मधे आणता? चला, ठक ठक!"

कुंपणाशी बायका जमायच्या, पोरं आपापली पातेली घेऊन यायची. गुरुवारपर्यंत पाय स्थिर झाला, फक्त खांदा उडायचा. शुक्रवारी म्रिशो आला आणि त्याने डाव हातात घेतला. त्याच्या पहिल्याच ठोक्याला पाय मुकाट्याने खाली गेला, सोळा वर्षांचा हात तो! मग म्रिशो मावळतीच्या मगरिबच्या नमाजापर्यंत ठोकत बसला. शेवटी शेवटी पाय हलेना, तेव्हा म्रिशोने डाव खाली ठेवला.

"मी ठोकतोय आणि तू थांबत नाहीस, हे काही बघवत नाही रे मला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि किब्वानाचेही.

शनिवारी बाईंनी पेनाने ठोकलं, किल्लीने ठोकलं, उबुंगोच्या उतारावर तर चपलेने ठोकलं. किब्वाना कपाळावरचा घाम पुसत थांब्यांवर तेवढा थांबला आणि एरवी कुठेही नाही. किवुकोनीला समुद्राचा वारा आत आला, आणि बाईंनी कागद मांडीवर ठेवून सही केली.

तो घरी आला तेव्हा तीन वाजले होते. सिवेमाने नारळाचा भात आणि तळलेली मासळी वाढली, कागद दोनदा वाचला आणि स्वतःचंही ताट घेऊन त्याच्यासमोर बसली. किब्वाना इतका खूश होता की त्याला नीट जेवताही येईना.

"आता रोज असंच," तो म्हणाला. "नाहीतर मी यायचो तेव्हा तू झोपलेली असायचीस."

"एकही दिवस नव्हते झोपलेली," सिवेमा काटे काढत म्हणाली. "दाराची कडी वाजली की डोळे मिटायचे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

किब्वानाचा घास हातातच राहिला. "बावीस वर्षं? अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलून रस्ता मोकळा झाला असता का?" ती म्हणाली, आणि मासळीचा मोठा तुकडा तिने त्याच्या ताटात टाकला.