पायांतून चढत गेलेल्या मुंग्या

ताप उतरला तेव्हा मी देवाचे आभार मानले होते. चार दिवसांचा विषाणूचा ताप. औंढ्याकडच्या पुसेगावला मी शाळेत शिकवते, तिथली निम्मी मुलं त्यानं आजारी होती. पण पंधरा दिवसांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मग पोटऱ्या जड झाल्या. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे. मला मात्र एका जागी बसवेना. जपाला बसलं की माळ हातात आणि मन पायांत. देवाचाही राग येई.

सोमवारी ह्यांच्यासोबत औंढ्याला गेले. नागनाथाचा गाभारा खाली, वाट अरुंद. पहिल्याच पायरीवर गुडघे सुटले, मी बसले ती उठताच येईना. मागे रांग खोळंबली. रांगेतल्या एका अनोळखी बाईनं वाकून माझ्या पायाला चिमटा काढला.

"कळून राहिलं का?"

"न्हाई."

"पंधरा-वीस दिवसांखाली ताप आलता का?"

"व्हय. तुमाला कसं कळलं?"

"माझ्या मालकाला असंच झालतं. आमी चार दिवस घरीच ठेवलं." मग ती ह्यांच्याकडे वळली. "दादा, दर्शन राहू द्या. घरी नेऊ नका, असंच नांदेडला न्या."

तिचं कपाळ कुंकवाविना मोकळं होतं. ह्यांनी मला उचलून बाहेर आणलं. जीप केली.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तापाशी लढलेली शरीराची संरक्षणशक्ती क्वचित कुणाच्या बाबतीत वाट चुकते आणि आपल्याच नसांवर उठते. संध्याकाळपर्यंत माझे हात गळाले, श्वास अपुरा पडू लागला, यंत्र लावावं लागलं. आजवर हात जोडून मागत आले होते. आता हातच उचलेनात. मनात म्हणाले, आता तूच बघ. भीती गेली नाही, पण तिच्याशी झगडणं थांबलं. औषध शिरेतून जात राहिलं. आठवड्यानं एक बोट हललं.

आता काठी घेऊन चालते. त्या बाईला शोधायला तीनदा औंढ्याला गेले, भेटली नाही. लोक योगायोग म्हणतात. मी वाद घालत नाही. देवावर सोपवलं की मन शांत होतं, असं मला वाटायचं. मला शांती मिळाली नाही; वेळेवर एक बाई मिळाली आणि तिचं ऐकायची बुद्धी ह्यांना झाली. त्यासाठी नागनाथापुढे डोकं टेकते. स्वतःसाठी काही मागावंसं वाटत नाही. जिथं असेल तिथं त्या माउलीच्या जिवाला थंडावा मिळू दे, एवढंच म्हणते.