चार पॅड आणि एक पाय

वाळवणाच्या दिवसांत गच्चीवर वारा सुटला की माझी आणि त्याची जुंपतेच. यंदाही जुंपली. कुरडया घातलेलं प्लास्टिक एका कोपऱ्यातून सारखं उडत होतं. तो कोपरा चौथ्यांदा दाबायला वाकले तेव्हा हाताला जे वजन लागलं ते उचलून पाहिलं आणि कुरडया तशाच राहिल्या. आमच्या पिकअपचा जुना ब्रेक पॅड होता तो. बाकीचे तीन कोपरेही तसल्याच पॅडांनी दाबलेले होते.

माझ्या सासूबाई लोखंड फेकू देत नाहीत. गाडीचे पॅड बदलले की जुने चार घरी आणायचे, एका चिंधीत बांधून ठेवायचे आणि वाळवणावर वजन म्हणून सोडून लावायचे, हा त्यांचा नियम. आजवर मी त्या पॅडांकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. वरवंट्याकडे तरी कोण रोज निरखून बघतं?

त्या दिवशी मात्र पाहिलं, कारण माझं डोकं तीन दिवस पॅडांनीच भरलेलं होतं. गेल्या दसऱ्यानंतर नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. गाडीचं काम म्हणजे संग्रामपूरकडच्या चार गावांतला भाजीपाला रोज पहाटे शेगावच्या बाजारात पोचवायचा. ते थांबलं तर मेथीवाले, वांगेवाले दुसरी गाडी बघणार. माहेरी मी ट्रॅक्टर चालवलेला होता. लायसन्स काढलं, आठ दिवस रिकामी गाडी फिरवली आणि दिवाळीनंतर सीटवर बसले ती बसलेच. सुरुवातीला पोट भरायला चालवत होते. मग कधीतरी लक्षात आलं की मला ते आवडतं. भाजीची कॅरेट भरून झाली, दार आपटून लावलं, किल्ली फिरवली की दिवसभरात इतकं मोकळं दुसरं काहीच वाटत नाही. बाजारात मला 'पिकअपवाल्या वहिनी' म्हणतात. घरात सून, शाळेत मुलीची आई, इथे तेवढं हे एक नाव माझं मी कमावलेलं.

पण ब्रेक. फेब्रुवारीत नवे पॅड टाकले आणि मे लागताच चाकातून पुन्हा लोखंड घासल्यासारखा कर्र कर्र आवाज यायला लागला. आमचा रस्ता पोळपाटासारखा सपाट, घाट नाही की चढण नाही, तरी तीन महिन्यांत पॅड साफ. मी पॅडांच्या मालाला दोष दिला तर नवऱ्याचा दोस्त असलेला आमचा नेहमीचा मेकॅनिक हसला आणि म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. बाईचा पाय ब्रेकवरच असतो, असं त्याचं शास्त्र. ते त्यानं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं दिराला, आणि दिरानं सगळ्या गल्लीला. मीही मनातल्या मनात पाय तपासायला लागले. गाडी चालवताना उजवा पाय कुठे आहे हे बघत बसले आणि एकदा त्या नादात वळणच चुकले. शेवटी नवऱ्यानं ओळखीच्या एका ड्रायव्हरशी बोलणी केली. सोमवारपासून माझ्या जागी तो येणार होता. त्याआधी नवे पॅड टाकून गाडी तयार ठेवायची आणि ते आणायचं काम माझं. आणताना हार्ड आण, म्हणजे लवकर झिजणार नाहीत, असंही बजावलं होतं.

तर मी गच्चीवर उकिडवी बसून ते चार पॅड ओळीनं मांडले. दोन सारखे झिजलेले होते, अर्ध्याच्या जरा खाली. तिसरा जवळपास नवा, त्यावर अजून रंगाचा ठिपका होता. आणि चौथा, जो वाऱ्याला पुरत नव्हता, तो निव्वळ पत्रा. त्याच्यावरचा मसाला पार गेलेला. शेजारच्या प्लास्टिकवर अजून चार पॅड होते. तेही मांडले. तिथेही तेच. दोन अर्धे, एक नवा, एक पत्रा.

सासूबाई चकल्यांचं पीठ घेऊन वर आल्या. दोन्ही संच कधीचे ते मी विचारलं. त्यांनी बाजूला पडलेल्या दोन चिंध्यांकडे बोट केलं. "लाल चिंधीतले तो चालवत होता तवाचे. हिरव्या चिंधीतले तुये, फेब्रुवारीत काढले ते."

मी दोन्ही पत्रे दोन हातांत घेऊन उन्हातच बसून राहिले. सासूबाईंना वाटलं ऊन लागलं. ऊन नव्हतं लागलं, संताप आला होता. पण संतापाआधी, खरं सांगते, मला मजा वाटली. गणित सुटायच्या आधी उत्तर दिसावं तसं काहीतरी समोर होतं आणि त्याची रीत मला येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी हळूहळू हाकत नांदुऱ्याला गेले. हिरवी चिंधी बरोबर घेतली. लाल मुद्दाम घरी ठेवली. नवऱ्याची अब्रू नांदुऱ्याच्या दुकानात काढायची नव्हती, ती घरीच काढायची होती.

स्पेअर पार्टच्या दुकानदारानं काउंटरवर तीन डबे ठेवले आणि गाडी कोण चालवतं ते विचारलं. मी म्हटलं, मी. त्यानं दोन डबे मागे सारले. "बाईमानूस चालवत असन तर हार्ड टाका ताई. तुमचा पाय ब्रेकवरच असते."

म्हणजे हे शास्त्र नांदुऱ्यापर्यंत पोचलेलं होतं. मी चिडले नाही, कारण मला डब्यात काय आहे ते बघायचं होतं. तिन्ही उघडायला लावले. पॅडवर नख ओढून पाहिलं, वास घेतला. एकाला जळक्या रबराचा, एकाला नुसत्या गंजाचा. आत काय असतं विचारलं तर तो म्हणाला, लोखंडाचा चुरा, पितळेचा चुरा आणि धरून ठेवायला डिंकासारखं काहीतरी. हार्डमध्ये धातू जास्त, म्हणून तो टिकतो. मी विचारलं, तो झिजत नाही तर मग काय झिजतं? तो म्हणाला, डिस्क, म्हणजे पॅड जिला धरतो ती चाकातली चकती. वरवंटा पाट्याहून कठीण निघाला तर पाट्याला खड्डा पडणारच, हे मला वाटण वाटून ठाऊक होतं. शिवाय हार्ड पॅड गरम झाल्याशिवाय नीट धरत नाही, हे त्यानं विचारल्यावरच सांगितलं. पहाटेची थंड गाडी आणि बाजारातली दर दहा पावलांची गर्दी, तिथे गरम व्हायची वाट कोण बघणार? मी मधला डबा जवळ ओढला. आम्ही आजवर वापरत आलो तोच साधा माल, ज्याला मी इतके दिवस नावं ठेवली होती.

मग चिंधी सोडली आणि चार पॅड काउंटरवर मांडले. ब्रेक दाबला की पुढच्या दोन्ही चाकांना सारखाच जोर जातो ना, हे आधी त्याच्याकडून वदवून घेतलं. सारखाच जातो म्हणाला.

"पाय त मायाच हाय, आन तो एकच हाय," मी म्हटलं. "मंग चार पॅड तीन तऱ्हेनं काऊन झिजले?"

त्यानं पत्रा झालेला पॅड उचलला, मग नवा वाटणारा उचलला, दोन्ही एकमेकांवर ठेवून उजेडात धरले. मग शेजारच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला हाक मारली.

मिस्त्री म्हातारा होता आणि बोलायला कंजूष. त्यानं डावं चाक काढलं. डिस्कच्या दोन बाजूंनी पॅड धरून ठेवणारा एक लोखंडी जबडा असतो. तो दोन पिनांवर मागेपुढे सरकायला हवा. आमच्यात एक पिन गंजून, धूळ आणि चिखल खाऊन घट्ट बसलेली. जबडा सरकतच नव्हता, त्यामुळे ब्रेक दाबला की आतला पॅड एकटाच राबायचा आणि सोडला तरी डिस्कला चिकटून घासत राहायचा. बाहेरचा आरामात. पॅड बदलताना ती पिन साफ करून ग्रीस लावायचं असतं. आमच्या मेकॅनिकनं ते कधी केलंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मिस्त्रीनं हातोडीनं ठोकून पिन काढली, माझ्यासमोर धरली. "हे आज जाम नाही झाली. दोन वर्सं तरी झाले असतीन."

मी गाडी हाती घेऊन सहा महिने झाले होते.

नवी पिन, ग्रीस, साधे पॅड. परतताना गाडी इतकी हलकी चालत होती की वाटेत दोनदा उगाच ब्रेक मारून पाहिला. घरी काय काय बोलायचं ते सगळं तयार केलं. सहा महिन्यांचं साठलेलं होतं, काही वाक्यं तर फारच चांगली झाली होती.

नवरा पाठीला पट्टा बांधून ओसरीवर बसला होता. मी जुनी पिन त्याच्या हातात दिली आणि मिस्त्रीनं सांगितलं ते सांगितलं, दोन वर्षांच्या गोष्टीसकट. लाल चिंधी आणायला आत वळले तर तो मागून म्हणाला, थांब. पिन हातात फिरवत तो बोटांवर महिने मोजायला लागला. तो माणूस हिशेब लावतोय हे मला दिसत होतं, आणि तो स्वतःच लावतोय म्हटल्यावर माझी चांगली वाक्यं मी गिळली.

"म्या चालवत होतो तवा आपन पॅडले शिव्या देत होतो," तो म्हणाला. "तू चालवाले लागली त तुले देल्या."

मी म्हटलं, हे मला नका सांगू. त्या ड्रायव्हरला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग फोन लावला. सासूबाई परातीसकट दारात येऊन उभ्या राहिल्या. दीरही तिथेच होता.

नवरा ड्रायव्हरला म्हणाला, सोमवारी येऊ नको. पलीकडून आवाज आला, "काऊन बे, काय झालं?"

"गाडीत बिघाड होता," नवरा म्हणाला. "चालवनाऱ्यात नोता."

मी आत स्वयंपाकघरात गेले आणि तिथे ओट्याला टेकून पोटभर रडले.